खुणेच्या वर

चिचगड मागे टाकून जंगलातल्या रस्त्याने सात-आठ किलोमीटर गेलं की एक टोला लागतो. घरं जेमतेम तीस. रश्मी आणि गुलशन बिसेन पिकअप घेऊन तिथे पोचले तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि टोल्यावर माणूस दिसत नव्हता. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. सगळे पहाटेच टोपल्या घेऊन रानात गेलेले. सामान उतरवायला कुणी मिळेना, म्हणून जड आवाजाचे दोन बास, गळ्याचा आवाज फेकणारे दोन टॉप, आवाजाला जोर देणाऱ्या मशीनचं कपाट आणि मिक्सर नवरा-बायकोंनीच खाली घेतला.

दोघं कामठ्याचे. सहा वर्षांपूर्वी गुलशनने मंडपाचं काम सोडून साउंड घेतला आणि दोन-तीन कार्यक्रमांतच त्याच्या लक्षात आलं की आपल्यापेक्षा बायकोचा कान चांगला आहे. तेव्हापासून वायर, मशीन आणि गाडी त्याच्याकडे, मिक्सर रश्मीकडे. सुरुवातीला लोक मिक्सरभोवती उभे राहून बघत. आता कोहमाऱ्यापासून देवरीपर्यंत बारसं, निरोप समारंभ, भजन असं काही लहानसहान असलं की त्या बाईलाच बोलवा म्हणत.

त्या दिवशी उदेभान सलामेचा निरोप समारंभ होता. चौतीस वर्षं जंगल खात्यात काढून तो निवृत्त होत होता. त्याचा मुलगा प्रफुल गोंदियाला राईस मिलच्या ऑफिसात होता. त्यानेच सगळं ठरवलं होतं. समाजमंदिरासमोर चिंचेचं जुनं झाड होतं, त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा मोठा गोल ओटा. ओट्यावर सतरंजी, बुंध्याला बांधलेला बॅनर, त्यावर उदेभानचा गणवेशातला फोटो. तोच मंच. समोरच्या सावलीत दीडशे खुर्च्या. प्रफुलने फोनवर सांगितलं होतं की आवाज शेजारच्या टोल्यावर गेला पाहिजे, माझ्या बापाने आयुष्यभर कुणासमोर तोंड उघडलं नाही, एक दिवस तरी त्याचं नाव मोठ्याने घेतलं जाऊ द्या.

गुलशनने दोन्ही बास ओट्यावर, बुंध्याला खेटून ठेवले. मशीनचं कपाट बुंध्याच्या मागे, कारण विजेचं बोर्ड तिथल्या खांबावर होतं आणि लांब वायर मागच्या महिन्यात जळाली होती. रश्मीने खुर्च्यांच्या मागे, समाजमंदिराच्या दारापासून वीस पावलांवर मिक्सर मांडला.

तिची एक पद्धत होती. आवाज ती वरून खाली आणत नसे, खालून वर नेई. मिक्सरवरच्या सगळ्या सरकत्या पट्ट्या तळाला ठेवायच्या. आधी गाणाऱ्याचा माईक, मग बाकीचे, ढोल सगळ्यांत शेवटी. थोडं वाढवायचं, मैदानात फिरून ऐकायचं, परत येऊन अजून थोडं वाढवायचं. माईक शिट्टी मारायला लागला की तिथून दोन बोटं खाली यायचं. घाई करणाऱ्याचाच साउंड शिट्टी मारतो, असं ती म्हणे.

ढोलवाले अजून आले नव्हते, म्हणून तिने मोबाईलवरचा ढोल लावला आणि बासची पट्टी हळूहळू वर सरकवली. ठोका जमिनीतून पायाला जाणवायला लागला. मंच कसा दिसतो ते पाहायला तिने मान वर केली, तेव्हा चिंचेच्या आडव्या फांदीखाली काळ्या चादरींसारखं काही लटकलेलं दिसलं आणि त्यावरून एक लाट गेली.

कापडावरून कुणी हात फिरवावा तसं झालं. चादरीचा काळा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्षणभर चकाकला आणि परत काळा झाला. पुढच्या ठोक्याला पुन्हा.

तिने पट्टी खाली ओढली. लाट थांबली. तिला वाटलं, उन्हाची तिरीप असेल. पुन्हा वर नेली. पुन्हा लाट. या वेळी दोन चादरींवर.

बुंध्यामागून गुलशनने डोकं काढून विचारलं की काऊन बंद करून राहिली. ती वर बोट दाखवत राहिली. तो झाडाखालून बाहेर आला, वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मग दोघांनी मोजलं. आग्या मोहोळाची अकरा पोळी होती. सगळ्यांत मोठं पोळं दाराच्या फळीएवढं होतं आणि मशीनच्या कपाटाच्या बरोबर डोक्यावर होतं.

तेवढ्यात मोहाची टोपली डोक्यावर घेऊन बिसराम आला. हा उदेभानचा चुलतभाऊ, साठीचा, उभं आयुष्य जंगलात मध काढण्यात गेलेला. रश्मीने त्याला ढोल लावून लाट दाखवली. त्याने टोपली खाली ठेवली आणि तिला आवाज बंद करायला हातानेच खुणावलं. दरवर्षी या झाडावर माशा येतात, त्याच्या बापाच्या वेळेपासून येतात, याच झाडाखाली लग्नं लागली आणि ढोल वाजले, त्यांनी कधी कुणाला काही केलं नाही, असं त्याने सांगितलं. पण अशा पेट्या इथे कधी वाजल्या नव्हत्या.

"माशी आवाज कानानं नाही आयकत," तो म्हणाला. "पायानं आयकते. फांदी हालली का तिले समजते, कोनीतरी आलं."

मग काय करायचं, असं रश्मीने विचारलं. तो म्हणाला, मी असतो तं इथं नसतो बसलो. एवढं बोलून तो टोपली घेऊन घरी गेला.

प्रफुल आला तेव्हा साडेदहा झाले होते. कार्यक्रम समाजमंदिरात घेऊ, असं रश्मीने त्याला विनवलं. तिचं म्हणणं त्याने नीट ऐकून घेतलं, वर पाहिलं, त्याचाही चेहरा उतरला. पण समाजमंदिरात पत्रावळी मांडल्या होत्या, साहेब लोक देवरीहून निघाल्याचा फोन आला होता आणि दीडशे माणूस आत बसणार नव्हतं. शेवटी एवढं ठरलं की बास वाजवायचेच नाहीत. गुलशनने दोन्ही बासच्या वायरी काढल्या. टॉप ओट्यावरून खाली आणून लोखंडी स्टँडवर चढवले आणि त्यांची तोंडं झाडाकडे पाठ करून लोकांकडे वळवली.

मग रश्मीने पुन्हा पहिल्यापासून मोजमाप केलं. ढोलवाले आले होते, त्यांना वाजवायला लावलं. मुख्य पट्टी एकेक रेघ वर सरकवत ती पोळ्यांकडे बघत होती. बारीकशी लाट दिसली तिथे थांबली. तिथून तीन बोटं खाली आली आणि पट्टीच्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. काहीही झालं तरी याच्या वर जायचं नाही.

तिने गुलशनला म्हटलं, तुमी मशीनपाशी नका बसू. पण गावातली वीज कधी जाईल, कधी येईल याचा भरवसा नव्हता. वीज अचानक परतली की चालू मशीनमधून पेट्यांमध्ये धडाका बसतो. तसा धडाका आज बसून चालणार नव्हता, म्हणून खटक्यापाशी कुणीतरी हवंच होतं. तो जाऊन बुंध्यामागे बसला. मिक्सरवरून तिला त्याचे फक्त पाय दिसत होते.

कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला. हार झाले, शाल-श्रीफळ झालं, साहेबांचं भाषण झालं. आवाज कमी होता, मागच्या खुर्च्यांवरचे लोक आपसात बोलत होते. रश्मीची नजर मिक्सरवर नव्हतीच. इतक्या वर्षांत तिने कधी बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर काढली नव्हती. आज ती त्या फांदीखालच्या काळ्या चादरी मोजत होती. अकरा. पुन्हा मोजायची. अकरा. तहान लागली होती, पण पाण्याची बाटली उचलायला नजर खाली न्यावी लागली असती.

भाषणांनंतर लीलाबाई उभी राहिली. ही उदेभानची धाकटी बहीण. हिरवं लुगडं नेसलेली, बारीक अंगाची, पण गळा असा की रानात गायला लागली तर नाल्यापलीकडे ऐकू जाई म्हणत. तिच्या मागे दहा बायका अर्धगोल करून उभ्या राहिल्या, दोन ढोलवाले बाजूला. लीलाबाई एक ओळ गोंडीत म्हणे आणि बायका ती उचलून धरत. भावासाठी तिने स्वतः गाणं रचलं होतं, असं प्रफुलने सांगितलं होतं.

पहिलं कडवं झालं आणि पहिल्या रांगेतला उदेभान उठला. गळ्यात हार, नवा पांढरा सदरा. खुर्च्यांच्या मधून चालत तो थेट मिक्सरपाशी आला. त्याला कमी ऐकू येत होतं, हे रश्मीला तेव्हा कळलं. त्याने कानामागे हात धरला.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "मले माह्या बहिणीचं आयकू नाही येऊन राहिलं."

तिने झाडाकडे बोट दाखवलं. माशा आहेत काकाजी, आवाज वाढवता येत नाही, असं दोनदा सांगितलं. त्याला तेही ऐकू आलं नाही. तो तसाच कानामागे हात धरून उभा राहिला, ओशाळं हसत, आपण काहीतरी जास्तीचं मागतो आहोत अशा चेहऱ्याने. चौतीस वर्षांत त्याने कुणाकडे काही मागितलं नसावं.

रश्मीने पट्टी खुणेच्या वर नेली. एक बोट. एवढंच एक गाणं, मग खाली आणू, असं तिने मनाशी म्हटलं. उदेभानच्या चेहऱ्यावर आवाज पोचल्याचं तिला दिसलं. त्याने मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसला.

दुसरं कडवं संपता संपता मोठ्या पोळ्यावरून लाट गेली. तिने बघितलं आणि वाट पाहिली. ढोलवाल्यांना आता आपलाच आवाज चांगला ऐकू येत होता, तेही रंगात आले. शेजारच्या पोळ्यावरून लाट गेली. मग तिसऱ्या. मग लाटा थांबेचनात, एक विझायच्या आत दुसरी, एका चादरीवरून दुसरीवर. मोठ्या पोळ्याची खालची कड सैल झाली आणि तिथून काळे थेंब गळावेत तसं काही खाली पडून परत वर जायला लागलं. बॅनरवरच्या उदेभानच्या फोटोवर सात-आठ माशा बसल्या होत्या. एक लीलाबाईच्या माईकवर चालत होती.

रश्मीचा हात मुख्य पट्टीवर गेला. एका झटक्यात खाली ओढावी असं वाटलं, पण तिने ओढली नाही. आवाज तुटला की दीडशे माणसं वळून बघणार. मशीन बिघडलं म्हणून कुणी शिट्ट्या मारेल. कुणीतरी वर बघेल आणि ओरडेल. मग खुर्च्या पडतील, लोक धावतील, लेकरं पायाखाली येतील आणि अकरा पोळी एकदम सुटतील.

मिक्सरपाशी तिचा एक छोटा माईक असे. त्याचा आवाज लोकांकडे जात नसे, फक्त गाणाऱ्यांच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्यांना स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या छोट्या पेटीत जाई. तिने तो ओठांशी धरला.

"मावशी, गानं थांबवू नका. वर पाहू नका. माशा उठून राहिल्या. मी आवाज कमी करत जाते, तुमी बी आवाज हळू हळू खाली आना. लोकाईले आत पाठवाचं हाये."

लीलाबाईने वर पाहिलं नाही. बायका ओळ उचलून धरत होत्या तेवढा वेळ ती तोंड मिटून उभी राहिली. माईकवरची माशी तिच्या बोटावर आली होती. मग तिने पुढची ओळ घेतली, त्याच चालीवर, पण शब्द वेगळे होते. रश्मीला गोंडी येत नव्हती. तिला वाटलं, बाईला माझं काही कळलंच नाही, ती पुढचं कडवं गाते आहे. पुन्हा सांगायला तिने माईक ओठांशी नेला.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिने शेजारच्या लेकराला कडेवर घेतलं आणि काही न बोलता समाजमंदिराकडे चालायला लागली. मग तिच्या पुढची बाई. मग एक अख्खी रांग, देवळातून निघावं तशी, पाय न वाजवता. लीलाबाईच्या मागच्या बायका तीच ओळ पुन्हा पुन्हा गात होत्या, आणि रश्मीच्या लक्षात आलं की गाण्यातूनच सांगितलं जातं आहे. उठा, पळू नका, बोलू नका, आत जा. देवरीच्या साहेबांना गोंडी कळत नव्हती. ते वळून वळून बघत होते. प्रफुलने त्यांच्या दंडाला धरून उठवलं. उदेभानला त्याची सून हाताला धरून घेऊन गेली. त्याला वाटलं जेवायला बोलावलं आहे. समाजमंदिराच्या दारात बिसराम उभा होता आणि आत येणाऱ्यांना खिडक्यांकडे पाठवून झडपा लावून घेत होता.

रश्मी पट्टी खाली आणत होती. इतकी हळू की डोळ्याला दिसू नये. अंगठ्याच्या नखाने ढकलायची, एक श्वास, पुन्हा ढकलायची. ढोलवाल्यांनी टिपऱ्या टाकून बोटांनी वाजवायला सुरुवात केली होती. मग बोटंही थांबली. बायका एकेक करून ओट्यावरून उतरल्या. शेवटी लीलाबाई एकटी उभी होती आणि तिचा आवाज आता पेट्यांतून येतो आहे की तिच्या तोंडातून, हे रश्मीलाही सांगता आलं नसतं. तिच्या केसांत, खांद्यावर माशा होत्या. तिने माईक सतरंजीवर ठेवला. तो आदळला असता तर धाडकन आवाज झाला असता, पण रश्मीने त्याची पट्टी आधीच तळाला नेली होती. लीलाबाई गुणगुणतच खुर्च्यांमधून गेली. मिक्सरपाशी आल्यावर तिने रश्मीकडे बघितलं आणि मानेनेच आत चल म्हटलं.

रश्मीने मान हलवली. बुंध्यामागे गुलशनचे पाय अजून दिसत होते.

लोक उठून गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मॉनिटरमधलं मघाचं बोलणं ढोलात बुडालं होतं, मशीनच्या पंख्यांची घरघर कानाशी होती आणि खुर्च्या त्याला दिसत नव्हत्या. फोन करावा तर तो पिकअपमध्ये चार्जिंगला. हाक मारावी तर हाकेएवढा आवाज आता त्या झाडाखाली काढवत नव्हता. तिने पुन्हा छोटा माईक घेतला. मॉनिटर ओट्यावर होता, गुलशनपासून आठ हातांवर.

"गुलशन. मशीन बंद करा. एक एक करून. मंग मागच्या अंगानं निघा. पळू नका."

त्याने बुंध्याआडून डोकं काढलं. रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, तिच्याकडे पाहिलं, मग वर. डोकं परत आत गेलं. एक खटका. दुसरा. तिसरा. त्याबरोबर मॉनिटरही गेला. आता तिच्याजवळ त्याच्याशी बोलायला काहीच उरलं नव्हतं.

तो बाहेर आला आणि चालायला लागला. दहा पावलं नीट चालला.

कशाने झालं ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. बिसरामचं म्हणणं होतं की बॅनरची दोरी सुटली. मोठ्या पोळ्याचा अर्धा भाग एकदम खाली ओघळला आणि गुलशनचं डोकं दिसेनासं झालं. तो ओरडला नाही. दोन्ही हात चेहऱ्यावर घेऊन जागच्या जागी फिरायला लागला.

समाजमंदिराचं दार रश्मीच्या पाठीमागे वीस पावलांवर होतं. ती पुढे पळाली. मिक्सर झाकायची जाड ताडपत्री तिच्या हातात कशी आली, तिला आठवत नाही. तिने त्याला खाली पाडलं, ताडपत्री दोघांवर ओढली आणि कडा गुडघ्यांखाली, कोपरांखाली दाबून धरल्या.

आत अंधार होता आणि त्या अंधारात माशा होत्या. किती ते कळत नव्हतं. मानेवर, ओठावर, कानाच्या पाळीवर डंख बसत होते आणि ती हाताला लागेल ती माशी चुरडत होती. चुरडलेल्या माशीचा पिकल्या केळासारखा वास येत होता. बाहेरून ताडपत्रीवर माशा आदळत होत्या, गारा पडाव्यात तशा. आणि तो आवाज. आवाज किती आहे, कुठून आहे, किती लांब आहे, हे कानाने सांगणं हा तिचा धंदा होता. पण हा आवाज कुठूनच येत नव्हता, सगळीकडे होता, दातांत आणि छातीच्या हाडांत. कमी करायला काही नव्हतं.

गुलशन कुशीवर पडला होता. आधी तो कण्हत होता. मग कण्हणं थांबलं आणि त्याच्या श्वासातून बारीक शिट्टी यायला लागली.

"ओठ जड झाले," तो म्हणाला.

"बोलू नका. नाकानं श्वास घ्या."

"नाक बंद झालं."

ताडपत्री वर करून हवा द्यावी तर माशा येणार, न द्यावी तर हा गुदमरणार. तिने त्याचं तोंड आपल्या गळ्याशी धरलं आणि ताडपत्रीला तिथे बोटभर फट ठेवून तिच्यावर ओढणी दाबली. ओढणीतून हवा येत होती. मार्चअखेरचं ऊन होतं. ताडपत्री तापली होती, घाम डंखांवर झोंबत होता. ती त्याचे श्वास मोजत राहिली. मध्येच एक श्वास इतका उशिरा आला की तिने त्याला हलवलं. तो आला. मग पुढच्या श्वासाची वाट पाहिली. ती देवाचं नाव घेत होती की गुलशनचं, तिला नंतर सांगता आलं नाही.

नाकाला धुराचा वास आला तेव्हा ती आधी आणखी घाबरली. मग ताडपत्रीवर हात पडला आणि बिसरामचा आवाज आला की उघडू नका, आहे तसेच रांगत या. घोंगड्या पांघरून बिसराम आणि आणखी एक जण भाताच्या ओल्या तणसाचा धूर करत घमेली घेऊन आले होते. त्या धुरातून ताडपत्रीसकट त्यांनी दोघांना समाजमंदिरात ओढून नेलं. ताडपत्रीखाली चाळीस मिनिटं गेली होती.

अॅम्ब्युलन्स यायला आणखी पाऊण तास लागला. देवरीच्या दवाखान्यात नर्सने गुलशनच्या अंगातून त्र्याऐंशी काटे काढले आणि मग मोजणं सोडलं. त्याला त्याच रात्री गोंदियाला हलवलं. दोन दिवस नाकाला नळी होती. रश्मीच्या अंगात एकतीस निघाले. चेहरा इतका सुजला की डोळे उघडत नव्हते. बाकी आठ-नऊ जणांना चार-चार, पाच-पाच डंख बसले. लीलाबाईला दोन. समाजमंदिरामागे बांधलेली एक शेळी तेवढी मेली. माणूस कुणी गेला नाही.

तिसऱ्या दिवशी गुलशन डोळे उघडून बोलायला लागला आणि रश्मीला पहिल्यांदा दुसरं काही सुचलं. एव्हाना गोष्ट सगळीकडे पसरली होती. कामठ्याचे लोक बघायला येत, त्या बाईच्या डोक्याने दीडशे माणूस वाचला म्हणत. उदेभान प्रफुलला घेऊन आला. त्याने भाकरी आणि कोंबडीचा डबा आणला होता. रश्मीच्या डोक्यावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. प्रफुल म्हणाला, बाबा रोज तुमचं नाव काढतात. रश्मी खाली बघत राहिली. चिकटपट्टीचा तो पांढरा तुकडा आणि त्याच्या एक बोट वर असलेली पट्टी तिच्या डोळ्यांसमोर होती.

कुणाला माहीत नव्हतं. मिक्सरपाशी त्या वेळी उदेभान सोडून कुणी नव्हतं आणि त्याला पट्ट्यांतलं काही कळत नव्हतं. तरी कुणाचा फोन वाजला की तिला वाटे, कळलं. प्रफुलने कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला, तो तिने उघडलाच नाही. रात्री झोप लागली की छातीत तो आवाज सुरू होई आणि ती उठून गुलशनचा श्वास ऐकत बसे.

घरी आल्यावर आठ दिवसांनी तिने त्याला सांगितलं. तो अंगणात खाटेवर बसून जळालेल्या वायरीची टोकं सोलत होता. तिने सांगितलं की खुणेच्या वर मी नेलं होतं, उदेभान काकाजी उभे होते, मला नाही म्हणवलं नाही.

त्याने वायर बाजूला ठेवली नाही.

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "आवाज जास्त झाला का लागते ते मशीनची लाल बत्ती लागून राहिली होती. मी पाह्यलं. मले वाटलं, तुले माहीत असंल, म्हनून बसून राह्यलो. खटका माह्या हाताखाली होता."

वायरीचं एक टोक सोलून झाल्यावर तो म्हणाला, प्रफुलले सांगून टाक, नाही तं तुले झोप नाही येनार.

तिने त्याच संध्याकाळी फोन केला. प्रफुलने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग तो म्हणाला, जागा मी बदलायला पाहिजे होती ताई, तुम्ही सांगितलं होतं. पुढे म्हणाला, बाबांना मात्र हे कधी सांगू नका. आपण आवाज वाढवायला सांगितला म्हणून झालं, हे त्यांना कळलं तर ते जेवायचे नाहीत. रश्मीने बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आता तिला उदेभानला भेटण्याचीच भीती वाटायला लागली.

मे महिन्यात कामठ्यातच एका घरी बारसं होतं. पन्नास माणसं, बाजाची पेटी वाजवणारा एक, दोन गाणाऱ्या बायका. गुलशनचा डावा कान अजून पुरता उघडला नव्हता, पण तो आला. अंगणात कडुनिंब होता. रश्मी त्याच्याखाली जाऊन मान वर करून फांदी फांदी बघून आली, तरी तिचं समाधान झालं नाही, म्हणून शेजारच्या दोन अंगणांत जाऊन आली. घरातले लोक खोळंबले होते. ती मिक्सरपाशी बसली. सगळ्या पट्ट्या तळाला होत्या. गाणारी बाई माईक धरून तिच्याकडे बघत होती. रश्मीने बोट पट्टीवर ठेवलं, उचललं आणि पुन्हा ठेवलं. गुलशन मशीनपासून उठून आला, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, घाई नाही. पेटीवाल्याने मध्येच दोन सूर धरले आणि सोडले. काही वेळाने बाईचा आवाज अंगणात यायला लागला, आधी अगदी बारीक.